पाच वॉटचा पल्ला

हातात हँडी, म्हणजे हातात धरून बोलायचा छोटा रेडिओ सेट, दिसला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "याच्यावरून किती लांब बोलता येतं?" सोसायटीचा वॉचमन हेच विचारतो, बँकेतल्या मैत्रिणी हेच विचारतात, गडावर भेटणारी कॉलेजची पोरं तर हमखास. मी म्हणते, "तुम्ही कुठे उभे आहात आणि पलीकडे कोण ऐकतंय, त्यावर आहे." समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, की बाईंना काही ठाऊक नाही, उगाच मिरवताहेत.

गणित मांडायचं तर मांडता येतं. आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा हँडीवरचा मुख्य मुक्काम म्हणजे दोन मीटर तरंगलांबीचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. नजर जिथवर पोचते त्याच्या किंचित पलीकडे त्या पोचतात, बस. अँटेना जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणायचं, की तिचं क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. मी मैदानात हँडी तोंडाशी धरून उभी राहिले तर माझं क्षितिज पाचेक किलोमीटरवर. पलीकडचा तसाच उभा असेल तर त्याचं आणखी पाच. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, हेच गणित समुद्रसपाटी धरून १६७ किलोमीटरवर जातं, मधे दुसरा डोंगर आडवा आला नाही तर. आणि पुण्यातल्या एखाद्या पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर? दोन गल्ल्या ओलांडल्या तरी नशीब म्हणायचं.

त्यामुळे माझ्या सेटची ताकद, पाच वॉट, हा आकडा मी फारसा मनावर घेत नाही. दुकानदार आठ वॉटचा, दहा वॉटचा सेट दाखवून भुलवतात. पण अंतर दुप्पट करायचं तर मोकळ्या हवेतसुद्धा ताकद चौपट लागते. त्यापेक्षा तीन जिने चढून गच्चीवर जावं. वेताळ टेकडीवर उभं राहून सिंहगडावरच्या माणसाशी बोलायला एक वॉटही पुष्कळ होतो, आणि टेकडी उतरून कोथरूडच्या इमारतींत शिरलं की पाचही वॉट काँक्रीटमध्ये जिरतात.

दुसरी गोम अँटेनाची. सेटबरोबर येणारी रबरी अँटेना खिशात मावावी म्हणून आखूड केलेली असते. या बँडला पाव तरंगलांबीची अँटेना हवी, म्हणजे साधारण अर्धा मीटर. आमच्या गटात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी मला पहिल्या भेटीत सेट कुठला घेतला हे विचारलंच नाही. "घरात दूरदर्शनच्या काळातली चपटी वायर आहे का?" एवढंच विचारलं. गच्चीवरच्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत खिडकीच्या फटीतून यायची ती दोन तारांची चपटी पट्टी. ती ३०० ओहमची असते आणि तिच्यापासून फुकटात जे-पोल, म्हणजे इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराची, अँटेना होते, हे मला त्या दिवशी कळलं. माळ्यावर गुंडाळी निघाली. दीडेक मीटरचा तुकडा, खालची टोकं सोलून जोडलेली, ठरावीक जागी बाजूच्या तारेला एक काप, तळाशी केबलचा डाग. काकांनी मोजून मापून करून घेतली. गुंडाळली की पर्सच्या कप्प्यात मावते. नायलॉनच्या दोरीला दगड बांधून दोरी झाडावर भिरकवायची आणि अँटेना वर ओढायची. घरून ज्या रिपीटरला, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या डोंगरावरच्या यंत्राला, माझा आवाज खरखरत कसाबसा पोचायचा, तो आता स्वच्छ पोचतो. सेट तोच, वॉट तेच.

हे खूळ डोक्यात शिरलं ते जुलै २०२१ मध्ये.

माझं सासर पोलादपूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याची वाडी. त्या २२ जुलैच्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. घाटमाथ्यावर पश्चिमेकडे पडलेलं पाणी खाली आमच्याच बाजूला, सावित्रीत उतरतं. महाड बुडालं, तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, तळियेवर दरड येऊन ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही सुतारवाडी आणि केवनाळ्यात डोंगर घरांवर आला. आदल्या रात्री सासूबाईंशी बोलणं झालं होतं. "पाऊस लई हाय, पण ठीक हाय," एवढंच म्हणाल्या होत्या. त्यानंतर फोन लागेना. माझा नवरा गॅलरीत उभा राहून तोच नंबर पुन्हापुन्हा फिरवत होता आणि टीव्हीवर तळियेची चित्रं चालू होती. टीव्ही बंद कर म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.

निरोप आला तो वाडीतल्या एका मुलामार्फत. तो दरडी ओलांडत, चिखल तुडवत चालत निघाला आणि रेंज सापडली तिथे कुणाच्या तरी फोनवरून बोलला: "सगळे बरे आहेत, गोठा गेला." पाच शब्द. त्या पाच शब्दांसाठी पोरगं दिवसभर चाललं होतं.

मोबाइलचं असं का होतं, हे त्यानंतर मी खोदून खोदून विचारलं. टॉवर स्वतः पडतोच असं नाही. वीज गेली की तो बॅटरीवर काही तास तग धरतो, मग जनरेटर. जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल रस्त्याने येतं. टॉवरला बाहेरच्या जगाशी जोडणारी फायबरची तारही बहुतेकदा रस्त्याच्याच कडेने पुरलेली असते. डोंगर रस्त्यावर आला की वीज, डिझेल, तार आणि मदतीची गाडी ही चारही एकाच जागी अडतात. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, रायगडच्या किनाऱ्यावर खांब झोपले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. जिथे नेटवर्क शाबूत होतं तिथे अख्खं शहर एकाच वेळी "कुठे आहेस?" विचारत होतं, मग ते तरी कुणाला पुरणार?

हँडीला यातलं काही लागत नाही. माझ्या हातातून निघालेली लहर थेट दुसऱ्याच्या हातात जाते, मधे कुणीच नाही. मोठेपण आहे ते एवढंच. आणि त्याची अडचणही तीच, मधे कुणीच नाही.

परवान्याचं थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. आपल्याकडे हॅम रेडिओ, म्हणजे हाच हौशी रेडिओ, बाळगायला आणि वापरायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. परीक्षेचे दोन भाग, एक रेडिओचं शास्त्र आणि दुसरा नियम. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेला कुणीही बसू शकतो. 'रिस्ट्रिक्टेड' दर्जाला मोर्स कोड लागत नाही, 'जनरल'ला मिनिटाला आठ शब्दांचा लागतो. ओहमचा नियम दहावीनंतर पहिल्यांदा वाचला. पास झाल्यावर पोलीस पडताळणी. चौकीतले हवालदार भले गृहस्थ होते, पण त्यांना काही केल्या उमजेना.

"मॅडम, घरात माणसं किती?"

"चार."

"मग वायरलेस कुणाशी बोलायला?"

अंदमानपासून किल्लारीपर्यंत हौशी रेडिओवाले संकटात कसे उपयोगी पडले, ते सगळं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कागदावर 'छंद' असं लिहिलं. बरोबरच लिहिलं म्हणा.

परवान्याशिवाय ऑनलाइन दोन-अडीच हजारांत चिनी हँडी मागवून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, ट्रेकवाल्यांत तर फारच. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर नियमावली काढली, तोवर तर कुणी काही विचारतही नव्हतं. हे सेट पोलीस, अग्निशमन अशा पुष्कळांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतात. बटण चुकून दाबलं गेलं तरी कुणाच्या तरी कामात खोडा पडतो. एका गडावरून दुसऱ्या टोकाच्या मित्राला "चहा टाक" एवढंच सांगायचं असेल तर ४४६ मेगाहर्ट्झचे मान्यताप्राप्त, कमी ताकदीचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात. ते घ्यावेत, सुखाने चहा सांगावा.

पण कायद्याची भीती हे काही माझं खरं कारण नाही. 'इमर्जन्सीसाठी' म्हणून घेतलेला हँडी कपाटात ठेवणाऱ्याने अर्धीच वस्तू विकत घेतलेली असते. उरलेली अर्धी दुकानात मिळत नाही. ती म्हणजे ऐकणारा माणूस.

दर रविवारी सकाळी आमचं नेट असतं. नेट म्हणजे हजेरी. काका नेट कंट्रोल. ते एकेकाचा कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली अक्षरं आणि आकडा, पुकारतात, माणूस 'ओ' देतो, ते सिग्नल कसा येतोय ते सांगतात. "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री..." अशी माझी अक्षरं आली की मी बटण दाबते.

"गुड मॉर्निंग काका, कसं ऐकू येतंय?"

"फाइव्ह-नाइन ताई, अगदी शेजारी बसल्यागत. काही निरोप?"

"निरोप नाही."

"ठीक. पुढचे..."

झालं. नवीन आलेल्या मुलांना यात काय मजा ते कळत नाही. परवाना काढताना त्यांच्या डोळ्यांसमोर पूर, हेलिकॉप्टर, बचाव असलं काहीतरी असतं आणि पदरात पडतं 'निरोप नाही'. काही जण दोन-चार रविवारांत गळतात. मला विचाराल तर तयारी म्हणतात ती सगळी या कंटाळ्यातच होते. कोणाचं घर खोलगट भागात आहे, कोणाला गच्चीवर गेल्याशिवाय ऐकू येत नाही, कोणाचा सेट बोलायला लागला की पहिला शब्द गिळतो, हे सगळं काकांना पाठ झालंय. मोडक्या-तोडक्या सिग्नलमधून आलेल्या दोन अक्षरांवरून ते माणूस ओळखतात. आणि एखादा रविवार मी चुकवला तर अकराच्या सुमारास फोन येतो, "ताई, आज हवेवर नव्हता. बरं आहे ना?" आपण गप्प आहोत हे ज्याच्या लक्षात येतं असा माणूस असणं, हे माझ्या मते पाच वॉटहून मोठं आहे.

पावनखिंडीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. विशाळगडावरून तोफेचे आवाज झाले आणि खिंडीत बाजीप्रभूंना कळलं, महाराज पोचले. रेडिओवाल्याच्या कानाने ती गोष्ट ऐकली की एक लक्षात येतं. तोफ झाली की त्याचा अर्थ काय, हे आधी ठरलं होतं. नाहीतर तो नुसता धडाड आवाज.

अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी रानावनात फिरणाऱ्यांसाठी असंच एक ठरवून ठेवलंय. सकाळी सातपासून दर तीन तासांनी पाच मिनिटं, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी कान लावायचा. अडकलेल्याने बॅटरी जाळत दिवसभर ओरडत बसायचं नाही, त्या पाच मिनिटांत बोलायचं. कुणीतरी ऐकत असण्याची शक्यता तेव्हा जास्त. कल्पना साधी आणि फुकट आहे. आमच्या गटातल्या ट्रेकला जाणाऱ्यांनी ती उचलली, वेळा मात्र तासागणिक केल्या, कारण आपल्याकडे पावसाळ्यात तीन तासांत ओढ्याचं काय होईल सांगता येत नाही.

आता बोलायचं कसं, हे. इथे माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

रेडिओवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. तुम्ही बटण दाबलंत की बाकी सगळे मुके. म्हणून बटण दाबण्याआधी वाक्य मनात तयार हवं. "लवकर या, फार वाईट परिस्थिती आहे" हा निरोप नाही, तो आकांत आहे. तो ऐकून पलीकडच्याला काहीच करता येत नाही. कोण बोलतंय, कुठून, किती माणसं, काय हवं, तिथवर कोणत्या रस्त्याने पोचता येईल. एवढं आलं की निरोप झाला. ऐकणाऱ्याने तो कागदावर लिहायचा आणि जसाच्या तसा परत वाचून दाखवायचा. "बरोबर" आल्याखेरीज पुढे सरकायचं नाही. काका यात फार कडक आहेत. सरावाच्या वेळी मी एकदा निरोप वाचून न दाखवता "रॉजर" म्हटलं, तर म्हणाले, "रॉजर म्हणजे पोचला. बरोबर पोचला असं मी कधी म्हटलं?"

मराठी आकडे हा हवेवरचा वेगळाच सापळा आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. सिग्नल तुटला तर हातात फक्त 'एकोण' उरतं आणि दहा-वीस माणसांचा फरक पडतो. बावन्न-बासष्ट, त्रेपन्न-त्रेसष्ट यांचंही तेच. म्हणून आम्ही आकडे सुटे बोलतो: पाच, नऊ. परत पाच, नऊ. नावांसाठी इंग्रजी 'अल्फा, ब्राव्हो' सगळ्यांना पाठ असतं, पण वाडीचं नाव 'आंबेमाची' असलं की ते काय कामाचं? मग 'कमळातला क, गणपतीतला ग' असं बालवाडीचं पुस्तक उघडावं लागतं. गंमत वाटते, पण भर पावसात गावचा सरपंच शेजारी उभा असेल तर त्यालाही तेच समजतं, आणि आपण काय सांगतोय ते चुकलं तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

दोन गोष्टी हवेवर बोलायच्या नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव, कारण ऐकणाऱ्यांत त्याची आई असू शकते. आणि जे स्वतः पाहिलं नाही ते. 'धरण फुटलं' ही अफवा पुण्याला नवी नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत खरोखरच फुटलं, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत तो शब्द ऐकला की अजून घशाला कोरड पडते. हँडी हातात असला की माणसाला आपण बातमीदार झाल्यासारखं वाटतं. "पूल गेला म्हणे" असं कुणी सुरू केलं की काका मधेच तोडतात: "तुम्ही पाहिलात? नाही? मग पाहून या."

रिपीटरबद्दल सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. डोंगरावर बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर, भरपूर ताकदीने, तेच परत बोलतं. त्यामुळे खोलगट घरातला माझा हँडी एकदम जिल्हाभर ऐकू येतो. नव्या माणसाला वाटतं, काय पल्ला आहे माझ्या सेटचा! पल्ला सेटचा नसतो, डोंगराचा असतो. आणि डोंगरावरही वीज जाते, वीज पडते, बॅटऱ्या थकतात. जो फक्त रिपीटरवरच बोलायला शिकला त्याने मोबाइलचा एक टॉवर सोडून दुसऱ्या टॉवरचा आसरा घेतला, इतकंच. म्हणून महिन्यातून एका रविवारी काका रिपीटर वापरूच देत नाहीत. सगळं सिंप्लेक्सवर, सेट ते सेट. त्या दिवशी निम्म्या लोकांना निम्मे लोक ऐकू येत नाहीत. मग ज्याला दोघंही ऐकू येतात तो मधे उभा राहून इकडचं तिकडे सांगतो. धायरीकडून येणारा निरोप औंधला पोचायला मधे तीन माणसं लागतात आणि बोलणं रडतखडत चालतं. माझा सगळ्यात आवडता रविवार तो.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. फ्रिक्वेन्सींची यादी कागदावर, लॅमिनेट करून, सेटला बांधलेली, कारण ती फोनमध्ये असेल तर फोनबरोबरच जाईल. जास्तीची बॅटरी. गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा चार्जर, कारण पुरात घरची वीज आधी जाते आणि उंचावर लावलेली गाडी राहते. बॅटऱ्या तपासायचा दिवस मी संकष्टीला ठेवलाय. कॅलेंडर बघायचं वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, आणि चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं, तेवढ्यात चार्जिंग होतं.

आता जे हवालदारसाहेबांना सांगितलं ते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. हजारो माणसं झोपेतच गेली. त्या वेळी हौशी रेडिओवाले सेट घेऊन लातूरकडे गेले होते. २००१ मध्ये भूजला गेले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात होते, तेही मदतीसाठी नव्हे. जगभरच्या हॅम मंडळींना अंदमानशी संपर्क झाल्याची नोंद हवी असते आणि तिथून प्रक्षेपणाला परवानगी मिळणं दुर्मीळ, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्ट ब्लेअरला मोहीम नेली होती. निव्वळ छंद. २६ तारखेच्या सकाळी भूकंप झाला, मागून त्सुनामी आली आणि त्यांचे छंदाचे सेट बेटांचा मुख्य भूमीशी असलेला दुवा झाले. कुणाचं कोण सुखरूप आहे, हे निरोप दिवसचे दिवस त्या मार्गाने गेले.

हे सांगताना माझी जीभ जरा अडखळते, कारण तो पराक्रम हँडीचा नव्हता. ते शॉर्टवेव्हचे मोठे सेट, मोठ्या अँटेना. त्या लहरी आकाशात वर जाऊन परावर्तित होऊन खाली येतात, त्यांना क्षितिजाची पत्रास नसते. हँडी हातात धरून अंदमानच्या गोष्टी सांगणं म्हणजे सायकलवर बसून आगगाडीची फुशारकी मारणं.

आणि सगळ्याच वेळी रेडिओ लागतो असंही नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यांत ते शिरलं. आम्ही पहाटेपासून नेट उघडून बसलो होतो. फोन मात्र आम्हा सगळ्यांचे व्यवस्थित चालू होते. आमच्याकडून अग्निशमन दलाला कळावं असं काहीही नव्हतं, त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. आम्ही एकमेकांना पाण्याची पातळी सांगत राहिलो आणि दुपारी नेट बंद केलं. माळीणचं तर आणखी वेगळं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी गावावर डोंगर आला, १५१ माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला ते कळलं तिथून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीचं गाव त्याला जागेवर दिसलं नाही. गावातल्या प्रत्येक घरी हँडी असता तरी तो दाबायला हात कुणाचा उरला होता? दरडीच्या आधी इशारा द्यायचं काम भूगर्भवाल्यांचं, पाऊसमापकाचं, तलाठ्याचं. रेडिओचं काम त्यानंतरचं.

ते नंतरचं काम कसं असतं, हे इर्शाळवाडीकडे पाहून कळतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. वाडीला गाडीरस्ता नाही, पायथ्यापासून चढून जायचं, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना. वर शोधणारी माणसं, खाली रुग्णवाहिका, मधे तासा-दीड तासाची निसरडी वाट. वर काय हवंय ते खाली कळायला माणूस उतरवायचा का? अंतर थोडं, उंचीचा फरक मोठा, एक टोक डोंगरावर. पाच वॉटचा सेट जणू याच कामासाठी घडवलाय.

तर आमचं पोलादपूर. पुण्यातून हँडीने तिथे बोलायचं म्हणजे आख्खा सह्याद्री आडवा, हे परवान्याच्या अभ्यासाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण नकाशा समोर पसरून काका आणि मी बसलो तेव्हा एक वाट सापडली. वाडीच्या थेट डोक्यावर घाटमाथा आहे. प्रतापगडाच्या बाजूला, महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावर उभा राहिलेला माणूस खाली कोकणात बघू शकतो, म्हणजे वाडीतला हँडी त्याला ऐकू यायला हरकत नाही. त्याच्याकडे गाडीत शॉर्टवेव्हचा सेट असेल आणि वीसेक मीटरची तार दोन झाडांना बांधून, मुद्दाम कमी उंचीवर ताणली, तर ७ मेगाहर्ट्झवरचा त्याचा आवाज सरळ वर जाऊन छत्रीसारखा आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरांत उतरतो. पुणं त्यात येतं, मुंबईही येते. दिवसा तरी येते. रात्री ७ मेगाहर्ट्झ लांबलांबचं ऐकवू लागतो आणि जवळचं हरवतं, मग ३.५ वर उतरावं लागतं आणि तारही दुप्पट लांब लागते.

वाडीतला हँडी कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न सुटत आलाय. माझा पुतण्या यंदा अकरावीत गेला. मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा त्याला खळ्यात बसवून कॉल साइन, फ्रिक्वेन्सी, ओहमचा नियम सगळं शिकवायला घेतलं. "काकू, याच्यावरून पुण्याला बोलता येईल?" त्याने विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह थोडा ओसरला, पण प्रतापगडाचं सांगितल्यावर तो टुणकन उठून अंगणाच्या टोकाला गेला आणि माथा कुठून दिसतो ते बघून आला. शाळेच्या पाठीमागच्या टेपाडावरून दिसतो म्हणाला. अर्ज भरलाय, परीक्षेची तारीख यायचीय. सासूबाईंचं म्हणणं, तोवर त्या पोराला गोठ्याचं नवं छप्पर शाकारायला तरी मोकळं सोडा.

राहता राहिला घाटमाथ्यावरचा माणूस. पहिल्या सरावाला काका स्वतः येतो म्हणालेत, उन्हाळ्यात, कोरड्या हवेत. पण खरी गरज लागेल ती जुलैत, आंबेनळी घाट बंद असताना, म्हणजे तो पुण्याहून जाणारा असून चालायचा नाही. महाबळेश्वरात किंवा आसपासच्या गावात राहणारा, परवाना असलेला किंवा काढायची तयारी असलेला कुणीतरी हवा. ओळखीत एक हॉटेलवाले आहेत, एक शाळेतले विज्ञानाचे सर आहेत. सरांना तार आणि केबल दाखवायला पुढच्या महिन्यात जाणार आहोत.